डोळे आल्यावरचं औषध

गिलजाबाईंच्या घरात गेले दोन महिने एकच भांडण चालू होतं आणि त्यात त्यांच्या नवऱ्याची, तेसूंची, बाजू खरी होती, हेच तेसूंचं दुर्दैव होतं.

"काल मी सातव्या भागावर बंद करून झोपले. आज नववा कसा लागतो?"

"मला काय विचारतेस? मी त्या बाईचं तोंडसुद्धा ओळखत नाही."

"कुठल्या बाईचं? म्हणजे मालिकेत बाई आहे हे माहीत आहे तर!"

छपरावर डिश होती तोवर असलं काही होत नसे. मालिका रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी यायची. सगळं गाव एकदम रडायचं आणि एकदम जेवायला उठायचं. ज्याची चुकली त्याची चुकली. डिश वरून ओतायची, पण खाली कोण बसलंय, कोण उठून गेलंय याची चौकशी तिने कधी केली नाही. मग चुसॉकच्या सणाला मुलगा जुनमो सुवॉनहून आला. त्याने डिश उतरवली, टीव्हीखाली इंटरनेटची एक चपटी डबी ठेवली आणि त्यात आपल्या सुवॉनच्या घरी चालणारंच मालिकांचं खातं चालू करून दिलं. "आई, आता तू म्हणशील तेव्हा मालिका लागेल," एवढंच सांगून तो गेला. बाकीचं सांगायचं राहून गेलं.

उतरवलेली डिश तेसूंनी भंगारात जाऊ दिली नाही. ती अंगणात उताणी ठेवून ते तिच्यात मुळ्याच्या चकत्या वाळवू लागले. "वीस वर्षं नुसती आभाळाकडे बघत बसली होती. आता जरा कामाला लागू दे," ते म्हणाले.

ऑक्टोबरात विहीणबाईंची सत्तरी आली. विहीणबाई तेगूच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर जेवायला बसणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. नेमके त्याच दिवशी गिलजाबाईंचे डोळे आले. उघडवेनात. साथ पसरायला नको म्हणून त्या घरीच राहिल्या आणि तेसूंच्या हाती लसणाची गोणी देऊन त्यांना एकट्याला रवाना केलं. दिवसभर घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि तेव्हाची मालिका ऐन रंगात आली होती.

नोव्हेंबर संपत आला आणि हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस ठरला. हेनामसारख्या कोबीच्या मुलखात या दिवशी सुनेने यायचं म्हणजे यायचंच. आदल्या दिवशी सुनेचा, हेवॉनचा, फोन आला.

"आई, काय सांगू, माझे डोळे आलेत हो. उघडवतच नाहीत. डॉक्टरांनी पट्टी बांधून पडून राहायला सांगितलंय. टीव्ही, मोबाइल, सगळं बंद."

हा आजार गिलजाबाईंच्या चांगल्या परिचयाचा होता, त्यामुळे त्यांनी फार खोलात विचारलं नाही. त्यांना काळजी वेगळीच होती. सरपंचीण यांगसुन दर वर्षी मदतीला येताना आपल्या तिन्ही सुना रांगेत घेऊन यायची आणि दिवसभर त्या मोजून दाखवायची. गिलजाबाईंना होती ती एकच सून, आणि यंदा तीही नव्हती.

"तिला यायचंच होतं हो," गिलजाबाई कोबीच्या पानापानांत लाल वाटण भरत म्हणाल्या. "रडत होती बिचारी फोनवर."

"आलेल्या डोळ्यांनी रडू नये," यांगसुन म्हणाली. "जास्त चिघळतात."

तिच्या तिन्ही सुना खाली मान घालून वाटण फासत होत्या. बायकोच्या बदल्यात आलेला जुनमो कोबीपेक्षा स्वतःलाच जास्त फासत होता.

दुपारी उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची घेऊन सगळे टीव्हीसमोर बसले. "लाव की तुझी ती नवी मालिका," यांगसुन म्हणाली. गिलजाबाईंनी लाल बोटाने रिमोट दाबला. मालिकेऐवजी एक पाटी आली. तेसूंनी चष्मा लावून ती सगळ्यांसाठी मोठ्याने वाचली.

"'हा कार्यक्रम आत्ता दुसऱ्या टीव्हीवर चालू आहे. सुवॉन, दिवाणखाना, भाग सोळावा. तिथला बंद करून इथे पाहायचा का? होय. नाही.'"

"मी काल अकराव्यावर ठेवलाय," गिलजाबाई म्हणाल्या.

"बघा!" तेसू ताडकन उभे राहिले. "दोन महिने मी शिव्या खातोय! मी नव्हेच तो! सुवॉनचा दिवाणखाना आहे!"

जुनमोचा घास तोंडातच राहिला.

"सुवॉन म्हणजे तुझंच घर ना रे, जुनमो?" यांगसुनने विचारलं. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणजे, हेवॉन आहे. आतल्या खोलीत. पट्टी बांधून."

"म्हणजे तिला दिसत नाही."

"नाही."

"मग टीव्ही कोण बघतंय?"

जुनमोने आईकडे पाहिलं. मग तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

"चोर!" यांगसुनची थोरली सून म्हणाली.

"चोर कशाला टीव्ही बघत बसेल?" धाकटीने विचारलं.

"घरातल्या बाईला दिसतच नाही म्हटल्यावर घाई कशाची असेल त्याला?"

हे सगळ्यांना पटलं. तेसूंचा सुनेवर फार जीव होता. त्यांनी खिशातला फोन काढला. "एकटी पोर, डोळ्यांना पट्टी, आणि बाहेर मेला चोर सोळावा भाग बघतोय! थांबा, पोलिसांनाच फोन लावतो."

"बाबा, चोर नसेल," जुनमो पुटपुटला.

"मग कोण आहे ते सांग!"

जुनमो आणखी किमची वाढून घेऊ लागला.

गिलजाबाईंच्या मात्र सगळं लख्ख ध्यानात आलं. पोलीस गेले की हेवॉन टक्क उघड्या डोळ्यांनी दार उघडणार आणि संध्याकाळच्या आत यांगसुन ते घरोघर पोचवणार. सुनेची अब्रू गेली तर गेली, पण वर सासूचं हसं होणार. त्यांनी झडप घालून रिमोट घेतला आणि 'होय' दाबलं.

"काही चोरबीर नाही. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. हे बघा, केला बंद."

सोळावा भाग इकडे सुरू झाला. नायिका इस्पितळाच्या पायऱ्या चढत होती. चारच चढली असेल, तोच ती नाहीशी झाली आणि पाटी परत आली. गिलजाबाईंनी पुन्हा 'होय' दाबलं. नायिका आणखी दोन पायऱ्या चढली आणि पुन्हा गेली.

"चोर भलताच निगरगट्ट आहे," यांगसुन म्हणाली.

तिसऱ्यांदा 'होय' दाबल्यावर नायिका थेट वरच्या मजल्यावर पोचली. सुवॉनला बहुधा कोणीतरी विचार करत बसलं होतं. एवढ्यात गिलजाबाईंचा फोन वाजला. त्यांचे हात माखलेले पाहून यांगसुनने तत्परतेने फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावून मध्ये ठेवला.

"आई, जेवणं झाली?" हेवॉनचा आवाज आला.

"पोरी, घरात कोणी शिरलंय का?" तेसू ओरडले.

"नाही हो, बाबा."

"आणि डोळे कसे आहेत तुझे?" यांगसुनने गोड आवाजात विचारलं.

गिलजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बरे आहेत, सरपंचीणबाई. औषध लागू पडतंय. आईंचंच औषध आहे. आई, आठवतंय ना? माझ्या आईच्या सत्तरीला तुमचे डोळे आले होते, तेव्हा तुम्ही एका दिवसात नऊ वेळा घेतलं होतंत. रात्री घरी येऊन बघते तर नऊच्या नऊ संपलेले! म्हटलं, आईंना गुण आलाय तर आपणही घेऊन बघावं. माझे आजचे पाचच झालेत."

गिलजाबाईंचा चेहरा हातांइतकाच लाल झाला.

"नऊ वेळा?" तेसू म्हणाले. "मला तर म्हणालीस, दिवसभर झोपून होते."

"कसलं गं औषध?" यांगसुन पुढे सरकली. "मलाही सांग की."

"घरगुती आहे," गिलजाबाई म्हणाल्या. "एकटीनेच घ्यावं लागतं."

यांगसुनच्या तिन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हेवॉन," गिलजाबाई फोनकडे वाकल्या. आवाज शक्य तितका सासूचा ठेवला होता. "औषध अर्धवट सोडू नकोस. आज पुरं कर. फक्त गुण कसा येतो ते मला आधी सांगू नकोस."

"नाही सांगत, आई," हेवॉन म्हणाली, आणि पलीकडे काहीतरी दाबल्याचा आवाज झाला.

नायिका गेली, पाटी आली. या वेळी गिलजाबाईंनी 'नाही' दाबलं. "नेट गेलं वाटतं," त्यांनी जाहीर केलं. "वारा सुटलाय ना."

"डिश होती तेव्हाच बरं होतं," यांगसुन म्हणाली.

"होतं खरं," गिलजाबाई म्हणाल्या, आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

संध्याकाळी जुनमोच्या गाडीत त्यांनी किमचीचा सगळ्यात मोठा डबा ठेवला, वरच्या थरात मुठी भरभरून कालवं घातलेला. "न आलेल्या सुनेला एवढी?" यांगसुनने विचारलं. "आजारी आहे ना ती," गिलजाबाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सरपंचांच्या घरानेही डिश उतरवली. त्या नोव्हेंबरात किमचीच्या दिवशी हेवॉन भल्या सकाळी येऊन कोबीसमोर बसली होती, डोळे अगदी स्वच्छ. यांगसुन एकटीच आली.

"काय सांगू, जुनमोची आई," ती पदरचं काहीतरी हरवल्यासारखी म्हणाली. "तिघींचेही एकदमच डोळे आलेत. यायचं होतं म्हणून रडत होत्या फोनवर."

गिलजाबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. सुनेनेही वाटणातून मान वर केली नाही.

"आलेल्या डोळ्यांनी रडू नये म्हणावं," गिलजाबाई म्हणाल्या. "जास्त चिघळतात."