बिनतारी वऱ्हाडपांडे

आमच्या गॅरेजचं दार आपोआप वर गेलं, की समजायचं, शेजारी वऱ्हाडपांडे काकांची आगगाडी सुटली.

पहिल्यांदा मी जाम घाबरले होते. भर दुपारी घरात एकटी, आणि दार वर काय जातंय, खाली काय येतंय! नवऱ्याला ऑफिसात फोन केला, तर म्हणे, "बॅटरी चेक कर." नवरे लोकांना दुसरं काही सुचतच नाही. शेवटी काका स्वतःच आले. हातात स्क्रू ड्रायव्हर, चष्म्याच्या काडीला इन्सुलेशन टेप.

"तुमचं दार उघडून राहिलं का? वा! म्हणजे रेंज पक्की आहे!"

सॉरी वगैरे काही नाही. उलट मीच अभिनंदन करावं अशा चेहऱ्यानं उभे.

अमेरिकेत पार्सिपनी गावातली आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लावून उभी होती. काका मूळचे नागपूरचे, नुकतेच रिटायर झालेले, आणि त्यांना मॉडेल ट्रेनचा नाद. रेडिओवर चालणारे कंट्रोल दुकानात मिळायचे, पण ते विकत घेणं काकांच्या धर्मात बसत नव्हतं. "विकत घेतलं तर शॉपिंग, जुगाड केलं तर इंजिनिअरिंग!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लोक घरापुढं जुनं सामान विकायला मांडतात, त्या गराज सेलमधून मोडक्या रिमोटच्या कार, जुने कॉर्डलेस फोन, दार उघडायचे रिमोट असलं भंगार पिशवी भरून आणायचं. त्यातला रेडिओचा भाग काढून इंजिनाच्या पोटात बसवायचा, मागच्या डब्यात बॅटरी ठेवायची. झालं! रुळांत करंट नको की टेबलाला वायर नको. त्यातलाच एक रिमोट आमच्या दाराचा जुळा भाऊ निघाला, कारण त्याचा कोड ना त्यांनी कधी बदलला होता, ना आम्ही.

गराज सेलला काकांना मी न्यायची. माझा व्हिसा असा, की नोकरी करायची परवानगी नाही, वेळच वेळ. आणि काकांना गाडी येत नव्हती. अमेरिकेत उभा जन्म काढला, पण नाही म्हणजे नाही. एकदाच टेस्ट दिली म्हणे; परत येताना गाडी परीक्षकानं चालवत आणली.

त्यांच्या घरातलं ड्रायव्हिंग निर्मला काकूंचं. काकूंनी फ्लोरिडापर्यंत गाडी मारलेली, काका शेजारी चहाचा कप धरून बसलेले. काकूंना पसंत पडेल अशी वस्तू देवानं अजून घडवली नव्हती. माझं वरण पातळ, माझं पार्किंग तिरकं, माझा नवरा उगाच हसतो. सगळं तोंडावर सांगायच्या आणि वर डबाभर चिवडा हातात ठेवायच्या.

त्या थंडीत काकूंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही वाचलं. पण त्या बोलण्यातल्या काकू कुठं गेल्या, देव जाणे. भात करू की खिचडी? "चालेल." टीव्ही लावू? "चालेल." बंद करू? "चालेल." मी एकदा मुद्दाम अळणी भाजी घेऊन गेले. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "चालेल." घरी येऊन मी रडले.

एका शनिवारी गाडीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आयुष्यभर मला 'नाही' म्हणत आली ती. आता सगळ्याला हो म्हणते, तर घर खायला उठते. तिनं भांडलं पाहिजे, पोरी. नाहीतर हातची जाईल ती."

मी सिग्नलला गाडी थांबवली.

"गाडी चालवणं गेलं ना तिचं, तिथंच ती खचली," ते म्हणाले. "डाव्या हातानं चालवता येईल असं काहीतरी तिला दिलं पाहिजे."

मग रूळ बेसमेंटमधून वर आले, कारण काकूंना जिना उतरता येत नव्हता. सोफ्याला वळसा घालून, डायनिंग टेबलाखालून, चपलांच्या रॅकपाशी वळून परत. मोठाल्या बटणांचा एक जुना फोन काकांनी कंट्रोल म्हणून घेतला. एक बटण धरून ठेवलं की वेग हळूहळू वाढणार, दुसरं धरलं की हळूहळू उतरणार. खेळण्यातल्या कारचा रेडिओ गाडीला धक्का मारूनच सोडायचा. तो धक्का काढण्यात काकांचे कित्येक आठवडे गेले. "तिला धक्का चालत नाही," एवढंच म्हणायचे.

रविवारी मी त्यांचं किराणा सामान घेऊन गेले, तेव्हा काका काकूंसमोर उभे होते.

"निर्मला, चालव."

"चालेल," काकू म्हणाल्या आणि हात काही पुढे केला नाही.

काकांनी फोन त्यांच्या डाव्या हातात ठेवला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अंगठा हलला. गाडी अशी अलगद सुटली, की काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पण काकूंनी अंगठा काढलाच नाही. गाडी पळायला लागली.

"सोड, सोड!" काका ओरडले. काकूंनी बटण सोडलं, पण गाडी कसली ऐकते! रॅकपाशी वळणावर रूळ सोडून इंजिन थेट रॅकमधल्या काकांच्या बुटात घुसलं.

मला वाटलं, संपलं सगळं.

"अहो, ब्रेक कुठाय?" काकू म्हणाल्या.

"ब्रेक... नाही लावला."

"नाही लावला? गाडी बनवायला निघालात आणि ब्रेक नाही? जन्मात एकदा तरी चालवली असती, तर कळलं असतं! मला असलं अजिबात चालणार नाही. घ्या ते, आणि नीट करून आणा!"

काका बुटातून इंजिन काढायला खाली बसले, ते आमच्याकडे पाठ करून बराच वेळ बसूनच राहिले. "आणतो," म्हणाले. "लगेच आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या दारात हजर. "पोरी, गाडी काढ." इंडियन ग्रोसरीचं दुकान अजून उघडायचं होतं, त्याच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला नेलं.

"आता जरा स्पीड घे, अन् ब्रेक मार."

मी मारला.

"नाही, असा नाही. ती मारते तसा. माझ्या हातातला चहा कधी हलायचा नाही. तसाच इंजिनात बसवायचा आहे मला."

पुन्हा मारला. काका डोळे मिटून, हातात नसलेला कप धरून बसले होते. "अजून आधीपासून दाब. हलक्या पायानं." पुन्हा. "नाही." पुन्हा. मी वैतागले होते, पण त्यांच्याकडे बघून गाडी पुन्हा पुढे घेतली. किती फेऱ्यांनंतर कोण जाणे, गाडी कधी थांबली ते मलाही कळलं नाही.

"हं. हा तिचाच," काका म्हणाले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "अजून एकदा मार, पोरी."