आधी थोरल्याचं नाव

"चौदा! आणि त्याची एकोणीस!" दादांनी मोबाईल टेबलावर आपटला, पण बेताने, कारण तो नवा होता.

"कोणाची?" वाटाणे सोलता सोलता पत्नीने विचारलं.

"धाकट्याची! सोलर पॅनेल एकाच दिवशी बसली, वायरमन एक, सूर्यही एकच. मग त्याच्याकडे पाच युनिट जास्त कशी?"

दादांची सगळी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण ते दुकानाच्या दारातूनच ओळखत. आता खुद्द सूर्य आपल्याला मापात मारतोय म्हटल्यावर ते स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. ते रोज सकाळी गुडघे सांभाळत गच्चीवर जात आणि फडक्याने पॅनेल लख्ख पुसून येत.

दोघा भावांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावर कप ठेवून संध्याकाळचा चहा एकत्र प्यायचा, हा त्यांचा जुना नेम. हल्ली कपांशेजारी दिवसभराची युनिटं दाखवणारे मोबाईलही येऊन बसत.

"दादा, आज माझी वीस!" धाकटा खुशीत म्हणाला. "आणि मी पॅनेलना हातसुद्धा लावलेला नाही. धूळ बसलीय नुसती."

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुसायचं यांनी आणि आकडा वाढायचा त्याचा! त्यांची तपासनिसाची नजर गच्चीभर फिरली आणि धाकट्याच्या पाण्याच्या टाकीवर थांबली.

"हिची सावली माझ्या पॅनेलवर पडते."

"अरे दादा, सकाळी जराशी पडते, पण..."

"पणबिण काही नाही. टाकी हलव, नाहीतर हा चहा बंद." दादांनी भिंतीवरून आपला कप उचलला आणि ते खाली उतरले.

चहा खरंच बंद झाला. दादा घरात एकटेच कप घेऊन बसत आणि चहा बेचव झालाय म्हणून कुरकुर करत.

"पावडर तीच आहे, साखर तीच आहे," पत्नी म्हणे, "भाऊ तेवढा कमी पडलाय."

तेही त्यांना कळत होतं. पण बोलल्या शब्दावरून मागे फिरायची त्यांना सवय नव्हती.

एके दिवशी शेजारी ठोकाठोक झाली. टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. दादांना आतून बरं वाटलं. संध्याकाळी त्यांनी मोठ्या आशेने मोबाईल उघडला.

"नऊ! पाहिलंस? टाकी हलवली आणि नऊ! यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, सख्खा भाऊ आहे तो. तुमचं ऊन चोरून ठेवणार कुठे, कपाटात?"

दादांनी दुसऱ्याच सकाळी वायरमनला बोलावलं. त्याने त्यांच्या गच्चीवरचा सोलरचा खटका खाली ओढला. दादांच्या मोबाईलवर वीज आपली येतच राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. कितीतरी दिवसांनी आलेली.

"दादा! माझं शून्य झालं!"

वायरमनने कपाळाला हात लावला. "काका, आठवतंय? शिडी तिकडे लागलेली, म्हणून मी काम त्यांच्या घरापासून सुरू केलं. मोबाईलवर नाव घालताना तुम्ही मला झापलंत. 'आधी थोरल्याचं नाव!' मग काय, पहिल्या घराला तुमचं नाव लागलं. त्यांच्या मोबाईलवर दिसतात ती युनिटं तुमची."

म्हणजे ती एकोणीसही आपली होती, वीसही आपलीच! दादांना हसू फुटणार, इतक्यात त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. हलवलेल्या टाकीची सावली धाकट्याच्या पॅनेलवर ऐसपैस पसरली होती.

"धाकट्या, अरे ही सावली तुझ्याच पॅनेलवर पडतेय."

"माहीत होतं मला. दुसरीकडे नळ पोचत नव्हता."

"मग हलवलीस कशाला?"

"चहा बंद केला होतास ना तू."

आपली आपल्यालाच एवढी लाज दादांना कधी वाटली नव्हती. "नळाला वाढीव पाईप जोड," ते वायरमनला म्हणाले. "टाकी अशी ठेव, की तिची सावली कुणावरच पडणार नाही."

"जोडतो. मोबाईल पण द्या दोघांचे. नावं बदलतो, मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा गच्चीवर आला, तर दादा भिंत ओलांडून त्याच्या बाजूला आलेले. हातात फडकं, शेजारी बादली.

"दादा, अरे ही माझी पॅनेल आहेत!"

"असू देत," दादा घासता घासता म्हणाले. "आकडा माझा आहे."