जगदाळेकाकांचा चार्ज

आमच्या बोईसरच्या सोसायटीत ज्याला जगदाळेकाकांचा वीजबिलाचा पासवर्ड ठाऊक नाही, तो माणूस नव्यानेच राहायला आलेला असतो. काका दर रविवारी सकाळी आपले सगळे पासवर्ड बदलतात आणि गॅलरीत उभे राहून, खणखणीत आवाजात, हैदराबादला असलेल्या मुलीला फोनवरून सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, "सुरक्षा."

काका तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. उभा जन्म यंत्रांच्या घरघरीत गेल्यामुळे हळू बोलणाऱ्या माणसाचा त्यांना संशय येतो. तिथला नियम असा, की आपली पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस समोर उभा राहून, सगळं ऐकून "चार्ज घेतला" असं म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. काका निवृत्त झाले, नियम काही झाला नाही.

मुलीने, म्हणजे वैशालीने, त्यांना पासवर्ड सांभाळणारं एक ॲप घालून दिलं. एका जागी पासवर्ड बदलला की घरातल्या बाकी यंत्रांवर आणि तिच्या फोनवरही तो आपोआप बदलावा, अशी त्यात सोय. त्यांची बिलं तिथून तीच भरते, म्हणून हा खटाटोप. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सोय नाकारली. "समोरच्यानं चार्ज घेतला का नाय, ते बटनाला काय कळतंय?"

तेव्हापासून रविवारी डायनिंग टेबलाभोवती फोन, जुना फोन, टॅब आणि कॉम्प्युटर आपापल्या खुर्चीसमोर हजर असतात. जुन्या फोनची बॅटरी फुगली आहे, म्हणून त्याला खाली उशी. काका एकात पासवर्ड बदलतात आणि बाकीच्यांना मोठ्याने वाचून एकेक अक्षर हाताने भरतात. एकदा टॅब अपडेट होत बसला, तर उशिरा आल्याबद्दल त्याला बोलणी बसली.

पासवर्ड मात्र कुणाच्या बापाला ओळखता येणार नाहीत असे. आधी आसपासचं एखादं गाव, म्हणजे एका रविवारी केळवे, पुढच्या रविवारी मासवण, मग एखादं चिन्ह, एखादा मासा आणि शेवटी आकडा. मावरं, म्हणजे मासळी, विकायला येणाऱ्या जयूताईने एकदा टोपली उतरवता उतरवता खालूनच विचारलं, "काका, बोंबलाच्या मागं सात हाय का आठ? नीट आयकू नाय आलं." काकांनी तिला सांगितलंसुद्धा. चार्ज मागणाऱ्याला नाही म्हणायची त्यांच्यात पद्धत नाही.

शेवटी सोसायटीच्या बैठकीत ठरलं, की सेक्रेटरीने जाऊन ती आपोआपची सोय चालू करून द्यावी. सेक्रेटरी मी, म्हणजे पाणी गेलं की ज्याच्या दारावर थाप पडते तो. माझा पाय मात्र उचलेना. काका एकटे राहतात आणि वैशालीचा फोन आठवड्यातून तेवढाच येतो. पासवर्डचं काम लगेच आटपतं, पण काका पुढे कितीतरी वेळ गॅलरीत असतात. गुडघा, नातवाचे दात, आमटीत चिंच घालायची की आमसूल, सगळं निघतं. बटण चालू केलं की त्या फोनला कारणच उरणार नव्हतं. मला ते अजिबात बरं वाटत नव्हतं, पण ठराव म्हणजे ठराव.

रविवारी गेलो. काकांनी मुकाट्याने फोन हातात दिला. मी ॲपची सेटिंग उघडली, तर सोय चालूच होती.

काका जुन्या फोनची उशी नीट करत होते. "चालूच हाय ते," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पहिल्याच महिन्यात चालू केलं मी. कंट्रोल रूम चालवलीय, एक बटन कळणार नाय का? वैशूला तेवढं बोलू नका. तिला वाटतंय, मी सांगितल्याबिगर तिला मिळत नाय."

मला सोसायटीच्या ठरावाची लाज वाटली.

तेवढ्यात वैशालीचा फोन आला. काकांनी माझ्या हातातून फोन घेऊन नेहमीप्रमाणे स्पीकर लावला आणि ते गॅलरीत गेले.

"केळवे," काका गरजले.

"हं."

"हॅश. बोंबील."

"हं. बोंबील, नऊ," वैशाली म्हणाली.

नऊ काकांनी अजून सांगितलाच नव्हता. नवा पासवर्ड तिच्यापुढे आधीच आलेला होता, आणि ती नुसती हं हं करत होती.

काका थांबले. काकांनी माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि पुन्हा कंट्रोल रूमचा आवाज लावला.

"नऊ मी अजून सांगितला नाय. पहिल्यापासून घेऊ."

"घेऊ ना, बाबा," वैशाली म्हणाली. "सावकाश सांगा. मला काही घाई नाही."

मी बटण दाबायला आणलेलं बोट खिशात घातलं आणि दार ओढून बाहेर पडलो. सोसायटीला कळवलं, काकांच्या ॲपमध्ये ती सोयच नाही.