पाहुणा कोणाचा?

सर्बियात राहणाऱ्या हंगेरियन इलोंकामावशींनी मागची खोली पर्यटकांना द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे दीर इश्तवान म्हणाले, "वहिनी, सुबोतित्सात उतरायला हॉटेलं काय कमी आहेत? पहिला पाहुणा नाराज झाला, की खोलीत माझे बटाटे येणार." मावशींनी हट्टाने नवे पडदे लावले. पहिला पाहुणा, फिनलंडचा ओस्मो मास्तर, दुपारी यायचा होता.

नेमका त्याच दिवशी शेजारच्या दुशानकडे कुलसंताचा, म्हणजे घराण्याच्या रक्षक संताचा सण. या सणाला सर्ब लोक आवतण देत नाहीत. दार उघडं ठेवतात, येईल त्याला जेवू घालतात, आणि कोण, कुठला, हे विचारलं तर घराण्याची अब्रू जाते. हेच मावशींचं घर समजून ओस्मो बॅग घेऊन त्याच दारातून शिरला. दुशानने त्याच्या गालांचे तीन मुके घेतले. दुशानच्या बायकोने, राडोय्काने, चमचाभर सणाचा शिजवलेला गोड गहू भरवून त्याला पंगतीत बसवलं. भाड्यात हेही धरलं असावं, असं समजून ओस्मो जेवू लागला.

"कोण हो हा?" राडोय्काने आत विचारलं.

"सर्बियन येत नाही. मावशींकडचा कुणी हंगेरियन असेल. तू वाढ."

मावशी फाटकात उभ्या राहून गारठल्या. शेवटी शेजारधर्म म्हणून दुशानकडे गेल्या आणि ओस्मोशेजारी बसल्या. हा राडोय्काच्या माहेरचा, असा त्यांनी हिशेब केला.

"माझा मेला पाहुणा आलाच नाही," त्याच्या ताटात मासा वाढत त्या म्हणाल्या. "आता बटाटे आलेच म्हणायचे." त्यांचे डोळे भरून आले. ओस्मोने काही न कळताच त्यांचा हात थोपटला.

"बघ दुशान, परक्याला कळतं," मावशी म्हणाल्या.

जेवण झाल्यावर ओस्मोने बॅग उचलली, गालाखाली हात धरून झोपेची खूण केली आणि किल्ली मागितली. मावशींनी बॅगेकडे पाहिलं.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे. कॉफी घेतल्याशिवाय सोडणार नाही," दुशान म्हणाला.

सकाळी मावशींनी उकडलेलं अंडं पुढे ठेवलं. ओस्मोने फोनला विचारून सांगितलं, "खोली छान. पंगत कधी?" शिवाय पुढच्या आठवड्यात त्याचे दोन मित्र येणार होते, खास त्या पंगतीसाठी.

पाहुणा हरवल्याचं ऐकून इश्तवान पोती घेऊनच आले होते. "वहिनी, तो सण वर्षातून एकदा येतो. तोही दुशानकडे."

"सर्बांचा तसा. आपण हंगेरियन लोक नावाचा दिवस करतो की, ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी त्या माणसाची पंगत. पुढच्या आठवड्यात कोणाच्या नावाचा आहे, भावोजी?"

इश्तवाननी हातातलं पोतं हळूच खाली ठेवलं. दिवस त्यांच्याच नावाचा होता.

"बटाटे आणलेच आहेत," मावशी म्हणाल्या, "तर तेवढे स्वयंपाकघरात ठेवा."