गच्चीवरचा कोट आणि पहिली ब्लूबेरी

गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, तेव्हा कोट गच्चीवर पाखरं हाकलत उभा होता.

"दोन वर्षं झाली बहुतेक," व्हायोलिनचे मास्तर पावती काउंटरवर ठेवत म्हणाले. "जरा राहून गेलं. उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे, काळा कोटच लागतो."

लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. त्याच्या मागे भिंतीवर पाटी होती, तीस दिवसांनंतर कपड्यांची जबाबदारी आमची नाही. पण ती नुसती शोभेला. एकतीस वर्षांत त्याने कुणाचा रुमालसुद्धा हरवला नव्हता, आणि ते तो येईल त्याला ऐकवायचा.

"आहे की! वर हवेशीर ठेवलाय," तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या माणसाला जागेपणी फार स्वप्नं पडतात. तसल्याच एका स्वप्नात तीन वर्षांपूर्वी तो नर्सरीतून ब्लूबेरीची सहा रोपं घेऊन आला होता. बायको म्हणाली, "आणलीत तर आणलीत. पण पहिलं फळ मला." लग्न झाल्यापासून ती दुसऱ्यांचे डाग घासत आली होती आणि तोंड उघडून तिने कधी काही मागितलं नव्हतं. त्याने लगेच शब्द दिला.

पहिल्या वर्षी त्याने झाडांना कपडे खळबळलेलं पाणी घातलं. एवढं पाणी फुकट कशाला घालवायचं! पानं पिवळी पडली. "अहो, याला आंबट माती लागते, साबण नाही," नर्सरीवाला ओरडला. माती बदलली. दुसऱ्या वर्षी फुलं आली, तर नर्सरीवाला म्हणाला, सगळी खुडा, झाडाला आधी अंग धरू द्या. त्याने डोळे मिटून खुडली. यंदा मात्र घोसच्या घोस लागले. "निळं दिसलं की लगेच तोडू नका. आठवडाभर थांबा, मग गोडी येते," नर्सरीवाल्याने बजावलं. तो थांबला. पाखरं थांबली नाहीत.

जाळी लावली, तर तिच्यात एका पाखराचा पाय अडकला आणि बायकोने कात्रीने जाळीच कापून टाकली. शेवटी त्याने मोडकं इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर हँगर अडकवला आणि हँगरवर मास्तरांचा कोट. त्याला महिना झाला होता. रोज सकाळी तो फळं मोजायचा आणि रोज ती कमी भरायची. आता एकाच झाडावर एक घोस उरला होता, रविवारी तोडायचा म्हणून राखलेला.

"वर येऊ का?" मास्तर जिना चढायलाही लागले होते.

गच्चीवर चादरी संथ हलत होत्या. बायको चिमटे काढत होती. लाँड्रीवाल्याने पुढे धावत जाऊन कोट हँगरवरून उचलला आणि सवयीने आधी खिशात हात घातला. कपडा हातात आला की पहिले खिसे बघायचे, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. हात चटका बसल्यासारखा बाहेर आला.

"खिशात तोंडं आहेत!"

बायकोने वाकून पाहिलं. काटक्या, दोऱ्या, आणि त्यात चोची वासून बसलेली तीन पिल्लं. चोची निळ्याजांभळ्या. ज्याला राखणीला ठेवलं, त्यानेच चोरांना बिऱ्हाड दिलं होतं!

"मास्तर, तुमचा कोट बाळंत झालाय," बायको म्हणाली. "दोन आठवडे तरी हलवता यायचा नाही."

मास्तर पिल्लांकडे बघत राहिले. बघता बघता ते कुठल्या तरी चालीत हरवले असावेत, कारण मान हलायला लागली होती. मग एकदम भानावर आले. "पण मग उद्या मी घालू काय?"

बायको खाली गेली आणि ट्रंकेतला नवऱ्याचा लग्नातला कोट घेऊन आली. दरवर्षी ती त्याला ऊन दाखवून इस्त्री करायची. मास्तरांना तो मापात बसला.

"अगं, तो कशाला?" लाँड्रीवाल्याने तिला चादरीआड ओढून विचारलं. "आपला लग्नातला आहे तो!"

"त्याचं बटण तरी लागतं का आता तुमच्या पोटावर? आणि कोट आपणच अडकवला ना त्यांचा?"

चादरीआड बराच वेळ कुजबुज चालली. ते बाहेर आले तोवर मास्तर गुणगुणत जिना उतरून गेले होते आणि शेवटच्या झाडावर एकही फळ नव्हतं.

लाँड्रीवाला बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "पुढच्या वर्षी देतो," तो म्हणाला.

"असू दे हो," बायको म्हणाली. न निघणाऱ्या डागाबद्दल ती गिऱ्हाइकाला असंच सांगायची. त्याला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर चक्क वेळेवर आले. बायकोने लग्नातला कोट परत घेतला, आधी खिशात हात घातला, आणि तिची बोटं निळी होऊन बाहेर आली. बोटांत रुमालाची पुरचुंडी होती. पुरचुंडीत अकरा ब्लूबेरी होत्या, दोन फुटलेल्या.

मास्तरांचे कान लाल झाले. "तुम्ही दोघं बोलत होतात... चाल सुचत होती... हाताला चाळा लागला. आणि मग कार्यक्रमाच्या गडबडीत विसरलोच बघा!"

लाँड्रीवाल्याने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही अकरा झाडावर राहिली असती, तर रविवारपर्यंत त्या तीन चोचींत गेली असती.

बायकोने एक ब्लूबेरी तोंडात टाकली. डोळे मिटले. तीन वर्षं तो ज्या चेहऱ्याची वाट बघत होता, तो त्याने इस्त्रीच्या वाफेतून पोटभर पाहून घेतला.

"गोड आहे," ती म्हणाली आणि दुसरी त्याच्यापुढे धरली.

त्याने घाईघाईने ती खाल्ली आणि कोटाला हात घातला. "आण इकडे. खिशापाशी डाग पडलाय, अजून निघेल."

तिने कोट मागे ओढला. "इतकी वर्षं सगळ्यांचे काढले. हा राहू दे." आणि घडी घालून ती तो ट्रंकेत ठेवायला निघाली.

मास्तर घुटमळले. "आणि माझा कोट?"

"पंधरा दिवसांनी या," जिन्यातून तिचा आवाज आला. "पण मास्तर, येताना खिसे दाखवायचे आणि जातानाही."