मशिनरी कार्यासाठी आफ्रिकेला

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या, त्यांतल्या तीन खुर्च्या पाय मोडलेल्या. पंखे चार, फिरणारे तीन. एक हार्मोनियम, एक माईक, तीस समोसे आणि नाश्ता सांभाळणाऱ्या रामनाथकाकांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाढवलेले पाच. बोईसरच्या या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सव्वीस माणसं होती. त्यांतली अठरा येतील आणि बाहेरची पाच-सात, असा सपनाचा अंदाज होता. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ती क्वालिटी कंट्रोलला होती. मोजल्याशिवाय तिला एरवीही चैन पडत नसे, आणि आज तर मोजण्याखेरीज दुसरं काही सुचतच नव्हतं.

कारण आज परीक्षा होती. सपना आणि तिचा नवरा विनोद यांना दोन वर्षांसाठी मलावीला जायचं होतं. आफ्रिकेतल्या त्या देशात, एका खेड्यातली शाळा आणि तिच्या शेजारचं चर्च सांभाळायला पुण्याच्या मिशन मंडळाला एक जोडपं हवं होतं. तब्येतीच्या तपासण्या झाल्या होत्या, बायबलची तोंडी परीक्षाही झाली होती. उरली होती एकच कसोटी: अनोळखी माणसांसमोर उभं राहून बोलता येतं का. ते बघायला पुण्याहून प्रेमलाबाई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि निवृत्ती फक्त शाळेतून. जोडपं एकत्र पाठवायचं म्हणून गुणही एकत्र धरायचे. दोघांची सरासरी दहापैकी सात आली तर मलावी, नाही तर दुसरं जोडपं तयारच होतं.

चार माणसांत बोलायचं म्हटलं की सपना मागच्या रांगेत जाऊन बसायची. विनोदचं नेमकं उलटं. तो मूळचा वाणगावचा, पालघरला विम्याचं काम करायचा आणि समोरच्याने काहीही विचारलं तरी "होऊन जाईल" म्हणायचा.

"मी नऊ काढतो," त्याने सकाळीच हिशेब मांडला होता. "तू नुसते पाच काढ. उभी राहा, नाव सांग, बस."

आता परीक्षेला अनोळखी माणसं आणायची कुठून, हा प्रश्न होता. मंडळीतले सगळे एकमेकांच्या घरची भाजी ओळखणारे. म्हणून विनोदने औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर बॅनर लावायचं ठरवलं आणि बॅनरवाल्या दर्पणला फोनवरून मजकूर सांगितला. 'मिशनरी कार्यासाठी मलावी, आफ्रिका येथे प्रस्थान. श्री. विनोद व सौ. सपना यांच्याशी मनमोकळ्या गप्पा. सर्वांना आमंत्रण. चहा-नाश्त्याची सोय.' दर्पणने नमुना पाठवला. विनोदने त्यात आपला फोटो पाहिला, फोटो खरोखरच चांगला आला होता, आणि अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा झाला.

पावणेचारला पहिला अनोळखी माणूस आला. मग आणखी चार आले. मग एका टेम्पोतून बारा उतरले. सपना दारात उभी राहून मोजत होती आणि परीक्षेपुरती अनोळखी माणसं जमली म्हणून निश्चिंत होत होती. पन्नासनंतर तिला शंका यायला लागली. माणसं नुसती गर्दी करत नव्हती, नमस्कार करून तिच्या हातात काहीतरी देतही होती. तिने पाहिलं तर बायोडेटा. वेल्डर, सहा वर्षांचा अनुभव. फिटर. लेथ ऑपरेटर. पॅकिंग खात्यात काम करणारी नवसी नावाची बाई तर मुलाचं आयटीआयचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली होती.

"पोरगा रातपाळीवर हाय," ती म्हणाली. "पन मी बोललू, मी जाऊन येतंय. मशिनरीचं काम हाय तं त्याला जमंल."

"कशाचं काम?" सपनाने विचारलं.

नवसीने मोबाइल पुढे केला. नाक्यावरच्या बॅनरचा फोटो व्हॉट्सॅपच्या गटागटांतून फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. 'मशिनरी कार्यासाठी मलावी, आफ्रिका.' शेजारी विनोद हसत होता. त्याच्या डोक्यामागे दर्पणने आपल्या मनाने, वेगळे पैसे न घेता, एक दातेरी चाक आणि एक विमान टाकलं होतं.

सपनाने दर्पणला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितलं की फोनवर मिशनरी असंच ऐकू आलं होतं, पण या भागात रोज दहा बॅनर मशिनरीचेच निघतात, म्हणून चूक त्याने सुधारून घेतली.

एव्हाना हॉलमध्ये एकशे तेरा माणसं होती. मोडक्या खुर्च्यांवरही माणसं बसली होती, तोल सांभाळत. रामनाथकाका समोशांच्या ताटाकडे आणि गर्दीकडे आळीपाळीने बघत होते.

"येशूसारखा पाच भाकरींचा चमत्कार काय आपल्याच्यानं होनार नाय," ते सपनाच्या कानात म्हणाले. "मी चहात पानी घालतो."

पहिल्या रांगेत प्रेमलाबाई प्रसन्न चेहऱ्याने बसल्या होत्या. अनोळखी माणसांची एवढी गर्दी त्यांनी पुण्यातही पाहिली नव्हती. विनोदला गाठून सांगायला हवं, म्हणून सपना गर्दीतून वाट काढू लागली, पण तोवर त्याने माईक घेतला होता. त्याने गर्दी पाहिली आणि तो खुलला. सेवा, समर्पण, दूरदेश यांवर तो तीन वाक्यं बोलला असेल, तेवढ्यात मारुती नावाचा एक फिटर उठला आणि त्याने फिटरला तिथे काय देतात ते विचारलं.

विनोदला प्रश्न कळला नाही. पण प्रश्न कळला नाही तरी नकार द्यायचा नाही, ही त्याची सवय.

"होऊन जाईल," तो म्हणाला.

हॉलमध्ये आनंदाची लाट आली. वेल्डरचं काय? तेही होऊन जाईल. जेवण, राहणं? विनोदने बघतो म्हणून सांगितलं. हार्मोनियमवर बायोडेटांचा ढीग वाढू लागला. आपण कशाला हो म्हणतोय हे विनोदच्या ध्यानात आलं तेव्हा विसाएक माणसं नोकरीला लागलेली होती. त्याचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. त्याने सपनाकडे पाहिलं.

सपनाला मागची रांगच हवी होती. पण समोर जे चाललं होतं ते तिच्या रोजच्या कामातलं होतं. प्रॉडक्शनवाले टाकी भरून मोकळे होतात, गाडी दारात उभी असते, सगळे खूश असतात, आणि नमुना तपासून हा माल जाणार नाही हे सांगायचं असतं सपनाला. ते ती रोज सांगायची. तिने विनोदच्या हातून माईक घेतला.

"बॅनर चुकला आहे," ती म्हणाली. "मशिनरी नाही, मिशनरी. आमच्याकडे एकही नोकरी नाही. यांनी आत्ता जे जे हो म्हटलं, ते सगळं रद्द समजा. तुमचा रविवार गेला, त्याबद्दल माफ करा."

चहाचे कप तिथल्या तिथे थांबले. मागून कोणीतरी विचारलं की मग तुम्ही दोघं तिकडे जाऊन करणार काय. सपनाने सांगितलं. मुलांना शिकवायचं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, रविवारी उपासना घ्यायची, येशूबद्दल ज्याला ऐकायचं असेल त्याला सांगायचं. पगार? नाही. राहण्याजेवण्यापुरतं.

खिडकीत बसलेला एक तरुण ऑपरेटर बराच वेळ विचार करत होता. "तो फिर मॅडम," तो म्हणाला, "आप लोग जा क्यों रहे हो?"

हा प्रश्न मंडळाच्या कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. सपनाने माईक जरा खाली घेतला.

"माझे आजोबा नगरकडचे," ती म्हणाली. "लहानपणी तापाने मरायला टेकले होते. गावात कुणी दारात उभं करत नव्हतं. लांबच्या देशातून आलेल्या एका नवराबायकोने त्यांना घरात घेतलं. तू कोण, कुठला, काही विचारलं नाही. आधी ताप मोजला. ती दोघं का आली होती, ते आजोबांना पुढे कळलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात ती श्रद्धा आहे. कुणीतरी लांबून आमच्यापर्यंत आलं होतं. आता आमच्यातल्या कुणीतरी लांब जायला हवं. एवढंच आहे."

"मंजे त्यांचं फेडाया चाललं तुमी," नवसी म्हणाली.

"ते कधीच वारले. म्हणून पुढच्याला द्यायचं."

नवसीने मान हलवली. हे तिला पटलं होतं. मग मारुती पुन्हा उठला. त्याचा चुलतभाऊ आखातात नोकरीला म्हणून गेला होता आणि मालकाने पासपोर्ट कपाटात टाकल्यामुळे तीन वर्षं अडकला होता.

"ताई, मन चांगलं हाय तुमचं," तो म्हणाला. "पन पगार नाय, मुलूख परका. मला सांगा, एजंट कोन?"

विनोदची नजर आपोआप प्रेमलाबाईंकडे गेली.

एकशे तेरा माणसं पहिल्या रांगेकडे वळली. प्रेमलाबाईंनी उभं राहून सांगून पाहिलं की त्या परीक्षा घ्यायला आल्या आहेत, द्यायला नाही. मारुतीचं म्हणणं, घ्या की, पण आधी आमच्या दोन गोष्टींचं उत्तर द्या. दोनाच्या दहा झाल्या. पासपोर्ट कोणाकडे राहणार? आजारी पडले तर? तिथे मलेरिया आहे का? आहे, असं बाई म्हणाल्या, त्यावर बोईसरलाही आहे म्हणून तो मुद्दा सोडून देण्यात आला. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंना सगळे एकदम बोलत असल्यामुळे काही ऐकू येईना. शेवटी सपनाने माईकवरून एका वेळी एकच प्रश्न, हात वर करून, असा नियम घातला. हात वर झाले.

"परतीचं तिकीट?" मारुतीने विचारलं.

"ते नंतर बघू, असं ठरलं आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"आमच्या भावाला पन हेच बोललेलं."

प्रेमलाबाईंनी सपनाकडे पाहिलं. तिने आपली बाजू घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"बाई, हा प्रश्न माझाही होता," सपना म्हणाली. "विचारायचा धीर झाला नव्हता. आज विचारते."

प्रेमलाबाईंनी पर्समधून फोन काढला आणि पुण्याला लावला. बोलणं लांबलं. मधेच त्यांनी पलीकडच्याला ठणकावून सांगितलं की इथे शंभर माणसं उत्तर घेतल्याशिवाय उठायला तयार नाहीत. ते खरंच होतं. शेवटी परतीचं तिकीट जातानाच हातात मिळेल, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहील आणि दवाखान्याचा खर्च मंडळ करील, असं ठरलं. बाईंनी ते माईकवरून जाहीर केलं. मारुतीने त्यांच्याकडून ते दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं.

बायोडेटा ज्याचे त्याला परत मिळाले. चतकोर चतकोर समोसा वाटला गेला. माणसं निघतील असं सपनाला वाटलं, पण नवसी खुर्चीत मागे सरकून बसली.

"तुमची प्रार्थना करायची हाय ना? करा. आलोच हाय तं बसतू."

ती बसली म्हणून बाकीचेही बसले. रामनाथकाकांनी हार्मोनियम पुढे ओढला. मंडळीतल्या अठराजणांनी गाणं सुरू केलं आणि कारखान्याचे जड बूट खालच्या फरशीवर ठेका धरू लागले. विनोदही गायला, पण मागच्या रांगेतून.

गर्दी पांगल्यावर प्रेमलाबाईंनी चष्मा लावला आणि दोघांना समोर बसवून गुण वाचून दाखवले. सपना, साडेनऊ. विनोद, पाच. सरासरी सव्वासात.