पडद्याची चौथी बाजू

ओदिलच्या शिलाई मशीनला मुंडकं उरलेलं नाही, हे शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास उघडकीला आलं. ओदिलला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तिची धाकटी बहीण सोलांज मशीन न्यायला आली होती. नातीच्या बाप्तिस्म्याचा झगा शिवायचा होता, आणि माझ्यामागे मशीन सोलांजला द्या, असं ओदिल स्वतः सांगून गेली होती. सोलांजने वरचं फुलाफुलांचं कापड उचललं. खाली टेबल होतं, पायडल होतं, चाक होतं. मशीन असायला हवं तिथे चौकोनी भोक होतं.

"भावोजी," ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "चोरी झालीये!"

आन्सेल्म कॉफीचा कप घेऊन शांतपणे बाहेर आला. "चोरी कसली? आहे ना घरातच."

"घरात कुठे?"

त्याने खिडकीपाशी ठेवलेल्या अक्रोडाच्या लाकडी पेटीकडे बोट दाखवलं. पेटीला पुढे भिंग होतं, बाजूला हँडल होतं, आणि डोक्यावर एक छोटा डबा होता.

"हे काय आहे?"

"कॅमेरा. आपल्या ल्यों शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी हलती चित्रं काढायचे ना, तसला. घरी केलाय. काढतोही हाच आणि दाखवतोही हाच."

"आणि माझं मशीन?"

"त्याच्या पोटात."

सोलांज खुर्चीत बसली. आन्सेल्मला वाटलं तिला तांत्रिक माहिती हवी आहे. अडतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. एखादी वस्तू सरकून नेमक्या जागी थांबली पाहिजे, यात त्याला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं.

"मशीनमध्ये कापड कसं जातं? सरक, थांब, टाका. सरक, थांब, टाका. फिल्मचंही तसंच. सरक, थांब, चित्र. सुई जिथे खाली जायची त्या भोकाची खिडकी केली, पोस्टाच्या तिकिटाएवढी. बॉबिनच्या जागी भिंग. प्रकाश अडवायला बिस्किटांच्या डब्याचं झाकण. सुई काढून ठेवली. सुईचा दांडा तेवढा आहे, तो काढला की सगळं धडधडतं."

"ताईला माहीत होतं हे?"

"मशीनचं नव्हतं. ती असताना दोन वर्षं मी लिफ्टचे सुटे भाग लावून बघितले. फिल्म फाटायची." त्याने कपाटातून एक पांढरी चादर काढली. "हा पडदा. म्हणाली, तू कॅमेरा कर, मी पडदा करते, बघू कोणाचं आधी होतं."

चादरीच्या तीन बाजू दुमडून शिवलेल्या होत्या. चौथीचे दोरे लोंबत होते. सोलांज गप्प झाली. ती सहसा चार सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहत नसे, आताही राहिली नाही.

"उद्या काय ती फिल्म काढा. पुढच्या रविवारी दाखवा. आणि दाखवून झालं की माझं मशीन मला जसंच्या तसं."

"जसंच्या तसं," आन्सेल्म म्हणाला. "एकच फिल्म हवीये मला. पडद्यावर काहीतरी दिसलं पाहिजे, बस."

फिल्मचा विषय ठरलेला होता. क्रुआ-रूस टेकडीच्या चढावर, आन्सेल्मच्या घराखालीच तिबोची बेकरी होती. रविवारी अकरा वाजता लोक ब्रेड घेऊन बेकरीतून बाहेर पडतील. सतरा मीटर फिल्म, पन्नास सेकंद. रोज पडतात तसंच बाहेर पडायचं, एवढंच काम.

रविवारी सोलांज नऊलाच हजर झाली. डोक्यावर नवी टोपी होती, निळी, पिसाची.

"मी कुठे उभी राहू?"

"उभं नाही राहायचं. बाहेर यायचं आणि जायचं."

"मशीन कोणाचं आहे?"

आन्सेल्मने मान डोलावली. "बरं. मधोमध राहा. खाली खडूने फुली काढून येतो." तो जिना उतरून गेला.

पेटी टेबलावर उघडी होती. सोलांज तिच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने पर्समधून सुयांचं पाकीट काढलं. मशीन अजून मशीन आहे की नाही, हे कोणीतरी बघायला नको का? तिने दांड्यात सुई बसवली, स्क्रू आवळला, तिकिटाएवढ्या खिडकीवर आपला रुमाल धरला आणि हँडल फिरवलं. टक, टक, टक. दोऱ्याशिवाय टाके पडायचा प्रश्नच नव्हता, पण रुमालावर भोकांची सरळ रांग उमटली.

"जिवंत आहे," ती समाधानाने म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिने घाईने झाकण लावलं आणि आरशासमोर जाऊन टोपी नीट करू लागली.

फिल्म अंधारात भरावी लागते. आन्सेल्मकडे अंधाराची एकच खात्रीची जागा होती, ओदिलचं कपड्यांचं कपाट. पेटी घेऊन तो तिच्या कोटांमध्ये शिरला आणि दार ओढून घेतलं. चाचपडत फिल्म सरकवताना त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. ओदिलच्या कोटांच्या कॉलरला नेहमी टाचण्या असत. आयुष्यभर तिला निरोपाची मिठी मारताना त्याच्या हनुवटीला त्या टोचल्या होत्या. त्याने बोट तोंडात घातलं, थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि बाहेर आला.

"एवढा वेळ?" सोलांजने विचारलं.

"बारीक काम आहे."

खाली बेकरीत चौदा माणसं दाटीवाटीने उभी होती. रोज जाड स्वेटरमध्ये येणारी माणसं लग्नाला आल्यासारखी नटली होती. खाटकाने टाय बांधला होता.

"रोजच्यासारखे या म्हटलं होतं ना?" आन्सेल्म म्हणाला.

"रोज कोण फिल्म काढतंय आमची?" खाटीक म्हणाला.

"सगळ्यात आधी मी," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "माझा ब्रेड गरम आहे."

"काका, दुकान माझंय, आधी मी!" आतून तिबो ओरडला.

"तू बाहेर आलास तर गिऱ्हाईक कोणाकडून ब्रेड घेऊन बाहेर पडणार?"

तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ गर्दीतून वाट काढू लागले. त्यांना खरोखरच ब्रेड हवा होता. "रांगेत या," सगळे एकदम म्हणाले.

अकराचे ठोके पडले. आन्सेल्मने हँडल धरलं आणि हात वर केला. दार उघडलं. सेकंदाला दोन फेरे. टक, टक, टक, टक. त्याला नवल वाटलं. इतके दिवस चाचणी घेताना पेटीचा आवाज पोकळ यायचा. आज तो भरलेला होता, शेजारच्या खोलीत चाळीस वर्षं ऐकलेला. त्या आवाजावर त्याचा हात असा लागला की एकही फेरा मागेपुढे झाला नाही.

समोर मात्र वेगळंच चाललं होतं. सोलांज फुलीवर येऊन थांबली आणि हललीच नाही. फोटो म्हणजे स्थिर राहायचं, हे तिला लहानपणी शिकवलं होतं. हनुवटी वर, नजर भिंगात. बाकीचे तिला वळसा घालून जात होते.

"चाल ना!" आन्सेल्म ओरडला.

"हलले तर पुसट येईन!" ती ओठ न हलवता म्हणाली.

फिल्म संपेपर्यंत ती तशीच राहिली. शेवटी ते अनोळखी गृहस्थ ब्रेड घेऊन बाहेर आले आणि तिला म्हणाले, "बाई, जरा बाजूला होता का?"

फिल्म बादलीतल्या रसायनात धुऊन न्हाणीघरात दोरीवर वाळत घातली. ती निगेटिव्हशिवाय, एकाच धुण्यात थेट चित्र उमटवणारी जात होती. चित्रं आली होती, स्पष्ट, नऊशेच्या आसपास. प्रत्येक चित्राच्या बरोबर मधोमध एक बारीक गोल भोक होतं. आन्सेल्मने पेटी उघडली. आत सुई होती. त्याने आपल्या बोटाकडे बघितलं, मग सुई काढली आणि आपल्या कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी खिडक्यांची दारं लावून सगळे त्याच्या दिवाणखान्यात बसले. तिबोने प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, गुलाबी टार्ट आणला होता. सोलांज पहिल्या खुर्चीत, मशीन न्यायला मोठी पिशवी घेऊन. आन्सेल्मने पेटीमागे दिवा लावला आणि हँडल फिरवलं.

बेकरीचं दार उघडलं. माणसं चालू लागली. "मी! मी!" खाटीक ओरडला. टाळ्या पडल्या. मग सोलांज फुलीवर येऊन थांबली. टोपी दिसली, पीस दिसलं, झगा दिसला, बूट दिसले. चेहऱ्याच्या जागी भोकातून आलेल्या उजेडाचा पांढरा लख्ख गोळा होता. शेवटपर्यंत चेहरा त्याच्याखालून सुटला नाही, कारण ती हलली नव्हती.

"ही कोण बुवा?" खाटकाने विचारलं.

"टोपीवरून ओळख," औषधवाल्या बाई म्हणाल्या.

सोलांज उठून उभी राहिली. "भावोजी! माझं तोंड कुठाय?"

आन्सेल्मने आपल्या कॉलरची सुई काढून तिच्या हातावर ठेवली. तिने सुई ओळखली. चार सेकंद झाले, सहा झाले, दहा झाले. एवढा वेळ गप्प राहिलेली सोलांज ल्योंमध्ये कोणी पाहिली नव्हती.

"परत काढायची," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी."

"आणि मशीन?"

"नेऊन काय करू? नातीला दाखवू काय, ही बघ तुझी बिनचेहऱ्याची आजी? झगा हाताने शिवेन." तिने रिकामी पिशवी घडी घालून पर्समध्ये कोंबली. मग तिची नजर पडद्याच्या खालच्या काठावर गेली. तिथे दोरे लोंबत होते. "तोही देते शिवून हाताने. आणा इकडे."

"नको," आन्सेल्म म्हणाला. "तीन बाजू मशीनवरच्या आहेत. चौथीही मशीनवरच होईल."

नातीचा बाप्तिस्मा होऊन गेला. फिल्म आतापर्यंत पाच वेळा काढून झाली. दुसऱ्या वेळी सोलांजचं तोंड उघडं होतं, तिसऱ्या वेळी पुढून कुत्रं गेलं, चौथ्या वेळी सगळं छान होतं पण ती जाड दिसत होती, आणि पाचव्या वेळी खाटीक मध्ये आला. फिल्म मनासारखी झाल्याशिवाय ती मशीन नेत नाही, आणि आन्सेल्म तिला घाई करत नाही. रविवारी अकरा वाजता टकटक सुरू होते आणि पन्नास सेकंद चालते.

पडद्याची चौथी बाजू अजून शिवायची राहिली आहे.